शेअर घेताना सेकंद लागतो, विकताना महिने का जातात? ब्राइटकॉमच्या चढउतारातून समजून घ्या लोअर सर्किटचं गणित

एक शेअर आहे. २०२१ च्या सुरुवातीला तो मोजक्या रुपयांना मिळत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो शंभरीच्या पार गेला. एप्रिल २०२३ संपता संपता तो दहा रुपयांच्या खाली आला. मग पुढच्या काही महिन्यांत पुन्हा तीसच्या वर गेला. आणि १४ जून २०२४ पासून तर त्याची खरेदी-विक्रीच थांबवण्यात आली.

हा शेअर म्हणजे हैदराबादची ब्राइटकॉम ग्रुप. शेअर बाजारात थोडेफार पैसे टाकणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांनी हे नाव कुठल्यातरी व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम ग्रुपवर वाचलेलं असतं. काहींच्या डिमॅट खात्यात ते आजही पडून असतं.

कंपनीने काय केलं, सेबीने काय केलं, यावर भरपूर बोललं गेलंय. आपण जरा वेगळा प्रश्न घेऊ. शेअर पडताना छोट्या गुंतवणूकदाराच्या हातात नेमकं काय असतं? आणि काय नसतं?

ही कंपनी करते काय?

इंटरनेटवर जाहिरात द्यायची असलेल्या कंपन्या आणि जाहिरातीसाठी जागा असलेल्या वेबसाइट, या दोघांची गाठ घालून देणं हा तिचा धंदा. पूर्वी तिचं नाव होतं वायब्रंट डिजिटल. एकेकाळी गाजलेलं लायकोस हे सर्च इंजिन विकत घेण्याचा करार तिने २०१० मध्ये केला. मग ती लायकोस इंटरनेट झाली आणि पुढे ब्राइटकॉम.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चाकणमधल्या एखाद्या कारखान्याचे शेअर घेतले, तर गेटबाहेर उभं राहून निदान ट्रक तरी मोजता येतात. इथे बराचसा धंदा परदेशातल्या उपकंपन्यांमधून चालणारा. म्हणजे सामान्य माणसाला दिसतो तो फक्त कंपनीने स्वतः दिलेला हिशेब. छोट्या टेक कंपन्यांचे भाव इतके वरखाली होतात, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. डोळ्यांना दिसणारी मालमत्ता कमी आणि भविष्याबद्दलचा अंदाज जास्त. अंदाज बदलला की भाव बदलतो.

२०२१ मध्ये एवढी गर्दी का झाली?

मार्च २०२० मध्ये देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२२ पर्यंत ती ९ कोटींच्या आसपास पोहोचली. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेली, मोबाइलवर खातं उघडलेली नवी मंडळी बाजारात आली. त्यांना हवा होता स्वस्त शेअर. दहा-वीस रुपयांचा शेअर दिसला की वाटतं, हा शंभर व्हायला कितीसा वेळ लागणार!

त्यात कंपनीने बोनस शेअर दिले. आधी चार शेअरवर एक, नंतर तीनवर दोन. बोनस म्हटलं की फुकट मिळाल्यासारखं वाटतं. पण बोनसने कंपनीची किंमत वाढत नाही. एका भाकरीचे दोनाऐवजी चार तुकडे केले, एवढाच त्याचा अर्थ. बाजारात नाव असलेल्या एका गुंतवणूकदारानेही यात पैसे टाकल्याची बातमी फिरली. पण त्याला कंपनीकडून थेट ठरलेल्या भावाने वॉरंट मिळाले होते. मागून आलेल्यांनी बाजारात चढलेल्या भावाने शेअर घेतले. नाव एकच, पण दोघांचा सौदा सारखा नव्हता.

मग बिनसलं कुठे?

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस कळलं की सेबीने कंपनीच्या हिशेबाचं फॉरेन्सिक ऑडिट करायला सांगितलंय. एप्रिल २०२३ मध्ये सेबीचा आदेश आला. २०१९-२० या वर्षात मालमत्तेच्या किमतीत झालेली सुमारे ८६८ कोटींची घट नफ्या-तोट्याच्या पत्रकातून न दाखवता दुसरीकडून दाखवली, त्यामुळे नफा फुगलेला दिसला, असं सेबीचं म्हणणं होतं.

२२ ऑगस्ट २०२३ ला दुसरा अंतरिम आदेश आला. कंपनीने निवडक लोकांना शेअर आणि वॉरंट देऊन सुमारे ८६८ कोटी उभे केल्याचं दाखवलं होतं. (दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत, पण प्रकरणं वेगळी.) त्यातली मोठी रक्कम कंपनीकडे प्रत्यक्षात आलीच नाही, असं सेबीला प्रथमदर्शनी दिसलं. कंपनीच्या प्रमुखांना आणि वित्त अधिकाऱ्यांना संचालकपदांपासून दूर राहायला सांगण्यात आलं.

त्यानंतर कंपनीने सप्टेंबर आणि डिसेंबर २०२३ या लागोपाठ दोन तिमाह्यांचे निकाल वेळेत दिले नाहीत. असं झालं की एक्सचेंज नियमाने ट्रेडिंग थांबवतं. जून २०२४ मध्ये तेच झालं.

लोअर सर्किट म्हणजे नेमकं काय?

एक्सचेंजने बहुतेक छोट्या शेअरना रोजच्या चढउताराची मर्यादा ठरवून दिलेली असते. २, ५, १० किंवा २० टक्के. ५ टक्क्यांची मर्यादा असलेला शेअर काल १०० ला बंद झाला असेल, तर आज तो ९५ च्या खाली जाऊच शकत नाही. ऐकायला हे संरक्षण वाटतं.

पण गंमत अशी की मर्यादा भावाला असते, भीतीला नसते. वाईट बातमी आली की सकाळी बाजार उघडताच सगळे विकायला येतात. ९५ ला विकणारे लाखो शेअर रांगेत आणि घेणारा कुणीच नाही. स्क्रीनवर भाव ९५ दिसतो, पण त्या भावाला तुमचा शेअर विकला जात नाही. दुसऱ्या दिवशी ९०.२५. पुन्हा तीच रांग.

हिशेब करून बघा. सलग १० दिवस ५ टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं तर १०० चा शेअर सुमारे ६० वर येतो. सलग २० दिवस लागलं तर ३६ च्या आसपास. या २० दिवसांत तुम्ही रोज विकायचा प्रयत्न केला असेल आणि एकदाही नंबर लागला नसेल, असं होऊ शकतं.

"पण मी स्टॉप लॉस लावलेला!" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. स्टॉप लॉस म्हणजे ठरलेल्या भावाला विक्रीची ऑर्डर आपोआप जाते, इतकंच. समोर घेणारा लागतोच. तो नसेल तर तुमची ऑर्डरही त्याच रांगेत उभी राहते. भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली, त्याचा नंबर आधी. हजारो-लाखो शेअरच्या ऑर्डर तुमच्या पुढे असतील, तर शंभर-दोनशे शेअरवाल्याने वाट बघायची.

ट्रेडिंगच थांबलं तर प्रकरण आणखी कठीण. अशा निलंबित शेअरमध्ये सुरुवातीचे सहा महिने आठवड्याच्या फक्त पहिल्या ट्रेडिंगच्या दिवशी, तेही डिलिव्हरीनेच व्यवहार करता येतो.

पडल्यावर लोक काय करतात?

पहिली प्रतिक्रिया असते ॲव्हरेज करायची. समजा १०० रुपयांनी १००० शेअर घेतले, एक लाख गेले. भाव ५० झाला, अजून १००० घेतले. सरासरी ७५ झाली, जीव भांड्यात पडला. आता भाव २५ झाला. तुमचे दीड लाख गुंतलेत आणि हातात आहेत ५० हजार. तोटा एक लाख. काहीच केलं नसतं तर तोटा ७५ हजार असता. सरासरी खाली आली, पण तोटा वाढला.

ॲव्हरेज करणं नेहमीच चूक असतं असं नाही. पण त्यासाठी नवं कारण लागतं. निकाल चांगले आले, रोख पैसा वाढला, कर्ज कमी झालं, असं काहीतरी. "आता स्वस्त झालाय" हे कारण धरायचं नाही. ९० टक्के पडलेला शेअरही तिथून आणखी ९० टक्के पडू शकतो.

दुसरी प्रतिक्रिया, "माझा भाव आला की निघतो." पण बाजाराला तुमचा खरेदीचा भाव माहीत नसतो. १०० चा ५० झालेला शेअर पुन्हा १०० व्हायला ५० नव्हे, १०० टक्के वाढावा लागतो. १०० चा १० झाला असेल तर ९०० टक्के.

मग करायचं काय?

सगळ्या छोट्या टेक कंपन्या वाईट नसतात. बाजारात शेअर कमी असले, एखादाच मोठा ग्राहक असला, तरी चांगल्या कंपनीचा भावसुद्धा एका बातमीवर १५-२० टक्के हलतो. म्हणून भाव हलला की घाबरायचं नाही, पण काही गोष्टी खरेदीच्या आधीच ठरवून ठेवायच्या.

एक, रक्कम. स्वतःला विचारा, हा शेअर उद्यापासून दोन वर्षं विकताच आला नाही तर घरात काय अडेल? मुलांची फी, हप्ता, आईबाबांचं औषधपाणी यातलं काही अडणार असेल तर रक्कम जास्त आहे. हा प्रश्न भाव किती पडेल याबद्दल नाही, बाहेर पडता येईल का याबद्दल आहे.

दोन, कागद. बीएसई आणि एनएसईच्या वेबसाइटवर सगळं फुकट मिळतं. नफा वाढतोय पण धंद्यातून रोख येत नाही, येणी फुगत चालली आहेत, ऑडिटरने मध्येच राजीनामा दिला, प्रवर्तकांचा हिस्सा घटतोय, निकालाला उशीर होतोय. यातलं एक दिसलं तर सावध व्हा. दोन-तीन एकत्र दिसले तर बाहेर पडायचा विचार करा, तोही घेणारे असतानाच.

तीन, पाळत यादी. शेअर एएसएम किंवा जीएसएममध्ये टाकला म्हणजे कंपनीने घोटाळा केला असा अर्थ होत नाही. पण मर्यादा घट्ट होतात, मार्जिन वाढतं आणि खरेदीदार कमी होतात. म्हणजे दार अरुंद होतं.

चार, कर. तोट्यात विकलं तर तो तोटा इतर शेअरच्या नफ्यातून वजा करता येतो. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. आणि नुसता स्क्रीनवरचा तोटा इथे चालत नाही, शेअर विकलेला लागतो. दार बंद असेल तर हा फायदाही अडकतो.

तक्रार करायची असेल तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल आहे. पण तिथून पडलेल्या भावाची भरपाई मिळत नाही. सेबीची चौकशी आणि दंड या प्रक्रियेला वर्षं लागतात. ब्राइटकॉममध्ये ऑडिटची बातमी फुटल्यापासून पहिला आदेश यायलाच वर्षाहून जास्त काळ गेला. त्या काळात शेअर रोज बाजारात होता आणि नवे लोक तो घेत होते.

म्हणजे सावध व्हायला वेळ नव्हता, असं म्हणता येत नाही. ज्या दिवसांत भाव वर होता आणि घेणारे भरपूर होते, तेव्हाच विकणं सोपं होतं. आणि नेमकं तेव्हाच ते कुणाला नको वाटत होतं.

(हा लेख माहितीसाठी आहे. कुठलाही शेअर घ्या किंवा विका, असा सल्ला यात नाही.)