मावशीच्या विहिरीची शिरगणती

मनोरला मावशीच्या घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला डायलॉग ठरलेला : 'ती विकतची बाटली ठेव बाजूला, विहिरीचं पी!' पाणी दिसायला काचेसारखं. पण या पावसाळ्यात तिच्या नातवाला महिन्यात दोनदा जुलाब झाले आणि माझ्या डोक्यात शंकेचा किडा वळवळला.

माझी एक कॉलेजमैत्रीण बोईसरला पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. तिने निर्जंतुक बाटली दिली, वर दम : 'विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून आजच्या आज आण.' बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मस्तान नाक्यावरून निघाले.

मला वाटलं, मायक्रोस्कोपखाली बघतील, मोजतील, विषय संपला. कसलं काय! तिथे जंतूंना आधी जेवायला घालतात. १०० मिली पाणी इतक्या बारीक छिद्रांच्या चकतीतून गाळतात की जीवाणू वरच अडकतात. मग ती चकती अगारवर ठेवून रात्रभर उबेत. अगार म्हणजे आपलं पुडिंगवालं चायना ग्रास हो! १८८१च्या सुमारास फॅनी हेसे या बाईंनी ते स्वयंपाकघरातून नवऱ्याच्या लॅबमध्ये पोचवलं. (रॉबर्ट कॉखच्या पेपरात अगार आलं, बाईंचं नाव नाही. चालायचंच.) खाणं मनासारखं मिळालं की ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट. एकाचे आठ तासांत १ कोटी ६७ लाख! तेव्हा कुठे तो निळसर ठिपका होऊन डोळ्यांना दिसतो.

मावशीचे ठिपके मोजण्यापलीकडे गेले. मग फक्त १ मिली पाणी पातळ करून गाळलं : ४३. म्हणजे १०० मिलीत ४३००. भारतीय मानकाप्रमाणे तिथे एकही नको.

'कोरोनाचापण असाच ठिपका येतो का गं?' मावशी. नाही. विषाणू अगारवर वाढतच नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. पुण्याच्या एनआयव्हीने २०२० मध्ये तो वाढवला तो माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशींवर. विषाणू मोजायचे तर पेशींच्या थरात पडलेली भोकं मोजतात. म्हणूनच मैत्रिणीने बजावलं, चकती कोरी आली तरी काविळीचा विषाणू नाही याची गॅरंटी नाही. पाणी उकळाच.

विहिरीत टीसीएल पावडर पडली, दुसरा नमुना कोरा आला. मावशी उकळते, पण रुसलीय. 'पाण्याची गोडीच गेली,' म्हणते. परवा मात्र फोन : 'त्या बाटल्या अजून दोन आण. शेजारीण म्हणते, तिची विहीर आपल्यापेक्षा चांगली!'