इनबॉक्स उघडेपर्यंत

जीमेलचे ‘बेसिक एचटीएमएल’ रूप गूगलने २०२४च्या सुरुवातीला बंद केले. फारशी कुणी हळहळ व्यक्त केली नाही. दिसायला ते अगदीच बावळट होते: पत्रांची सरळसोट यादी, निळे दुवे, चौकोनी बटणे, बस्स. पण जुन्या संगणकावर, रखडणाऱ्या नेटवरही पत्र झटकन उघडायचे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अनेक अंध व्यक्तींनाही तेच सोयीचे पडे.

गंमत अशी, की वेबमेलला वेग आणि देखणेपण दोन्ही एकाच युक्तीने दिले. १९९६ साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले, तेव्हा प्रत्येक क्लिकला अख्खे पान सर्व्हरवरून नव्याने यायचे. मायक्रोसॉफ्टमध्ये आउटलुक वेब अ‍ॅक्सेस घडवणाऱ्यांनी त्यावर तोड काढली: पान जागेवर राहू द्यायचे, हवा तेवढाच मजकूर पडद्याआडून मागवायचा. १९९९च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये ती सोय आली. १ एप्रिल २००४ला जीमेल अवतरले, ते याच तंत्राच्या जोरावर. लोकांना अप्रूप वाटले १ जीबी जागेचे. माझ्या मते खरी करामत होती क्लिक आणि उत्तर यांच्यातली फट बुजवण्यात. प्रतिसाद ०.१ सेकंदात आला तर माणसाला तो तत्क्षणी आल्यासारखा वाटतो, आणि १ सेकंदापर्यंत विचारांची तंद्री मोडत नाही, हे संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी त्याआधीच मांडून ठेवले होते.

मग बिघडले कुठे? पान पुन्हा पुन्हा आणायला नको म्हणून बराचसा प्रोग्राम सुरुवातीलाच ब्राउझरमध्ये उतरवायची रीत पडली. एकदा ओझे चढवायचेच ठरल्यावर आणखी थोडे चढवायला कोण लाजतो? कॅलेंडरची पट्टी आली, चॅट आले, व्हिडिओ बैठका आल्या. सगळी सजावट फुकाची नसते, हे मान्य. एका विषयाची पत्रे एकत्र गुंफणारी मांडणी वाचणाऱ्याचे कष्ट वाचवते. तिच्यापायी कोड वाढला तरी माझी तक्रार नाही. राग येतो तो लोडिंगच्या नाचऱ्या चित्राचा. आधी ताटकळत ठेवायचे आणि मग ते ताटकळणेच सजवायचे!

आधी पत्रांची यादी येऊ द्या, चॅटची पट्टी मागाहून येईल. नकोच असेल त्याला ती उतरवूच नये. आणि नव्या रूपाला मंजुरी द्यायची तर ऑफिसच्या फायबरवर नव्हे, चार वर्षे वापरलेल्या स्वस्त लॅपटॉपवर उघडून द्यावी, तीही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.