शेजाऱ्याच्या बाजूने खोटी साक्ष

धर्मग्रामांच्या स्मरणिका, सुवर्णमहोत्सवांचे विशेषांक, दिवंगतांच्या पहिल्या स्मृतिदिनी काढलेल्या पुस्तिका हे सारे आम्ही आवडीने वाचतो. आपल्या घराघरांतून लिहिते हात पुष्कळ आहेत आणि ते कथाकवितेपेक्षा आठवण, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णन, ललित निबंध यांकडे अधिक वळतात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि या लेखनाला आतून वाळवी लागली आहे. त्यातले सगळे आजोबा देवमाणूस असतात, सगळ्या आज्या पहाटे चारला उठून रोझरी म्हणतात, बांधावरून कोणी भाऊ भावाशी भांडत नाही, आणि मरणारा प्रत्येक जण शेवटचा श्वास सोडण्यापूर्वी एखादे सुभाषित उच्चारतो.

शंका काढावी, तर उत्तर तयार असते: “फादर, ते ललित आहे.” जणू ललित या शब्दातच कल्पित हा अर्थ भरलेला आहे!

ही समजूत आम्हांला मुळातच मान्य नाही. कादंबरीकार आरंभीच कबूल करतो की हे घडलेले नाही; त्या व्यवहारात फसवणूक नाही. आठवण लिहिणारा नेमकी उलट हमी देतो. ‘माझी आई’ असे शीर्षक वाचताच वाचक विश्वास टाकतो, आणि त्या विश्वासापोटीच चुलीवरच्या भाकरीसारखा साधा प्रसंगही त्याच्या काळजाला भिडतो. विश्वास घ्यावयाचा आणि मोबदल्यात बनावट माल द्यावयाचा, याला आम्ही लेखनस्वातंत्र्य म्हणणार नाही.

मग लालित्य असते कशात? प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्यात, माणसाला त्याच्या बोलीत बोलू देण्यात, शंभर तपशिलांतून नेमके दोन निवडण्यात, घटनांचा क्रम मागेपुढे करून अर्थ उजळविण्यात. कथाकाराची ही सारी साधने आठवण लिहिणाऱ्याला मोकळी आहेत. घटना तेवढ्या त्याच्या मालकीच्या नाहीत. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. त्यात वर्षाचे बारा महिने आहेत, आणि वाचक गुंतून राहतो तो बाईंच्या डोळ्यांमुळे. त्यांच्या लेखी झाड म्हणजे नुसते ‘एक झाड’ नसते. त्याला नाव असते, पालवीला रंग असतो, फुलण्याला महिना असतो. आमचे होतकरू लेखक मात्र वाडीत जन्म काढूनही ‘हिरवीगार वनराई’ एवढेच लिहून पुढे सरकतात. (फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधातला तो खेळकर ‘मी’ पुढे कसा साचा होऊन बसला, हे आणखी निराळे दुखणे.)

हे आम्ही परक्याच्या अंगणात उभे राहून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या निधनानंतर स्मरणिकेसाठी त्याचे व्यक्तिचित्र आम्हीच लिहिले. त्याचे नाव-गाव आम्ही येथे गाळतो, बदलत मात्र नाही. अखेरच्या घटकेला आम्ही त्याच्या खाटेशी होतो. कुमसाराचा विधी उरकल्यावर, घरच्या सर्वांदेखत, तो पाणी मागून घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एवढेच घडले. आम्हांला ते फार कोरडे वाटले. म्हणून आम्ही लिहिले की त्याने आमचा हात हाती घेतला आणि ‘माझे कोणाशी वैर उरले नाही’ असे म्हटले.

लेखाची वाहवा झाली. महिन्याभराने त्याची मुलगी आली.

“फादर, पप्पा असं काही बोललेच नव्हते. मी उशाशी बसले होते.”

आम्ही लालित्याविषयी काही बोलू लागलो. तिने आम्हांला थांबवले.

“काकांनी तो लेख कापून जपून ठेवलाय. वाडीतल्या आमच्या हिश्श्याचं विचारलं की तोच पुढे करतात. म्हणतात, दादा माझ्याशी समेट करून गेला, फादर साक्षीला होते.”

आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मना करते. शेजाऱ्याच्या बाजूने, त्याचे मरण सुंदर दिसावे म्हणून दिलेली खोटी साक्ष कोणाविरुद्ध जाते, याचा विचार आम्ही सेमिनरीत कधी केला नव्हता.

मृतांविषयी बरेच बोलावे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्याने संत ऑगस्टिन उघडून पाहावा. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस हा बिशप आपले ‘कन्फेशन्स’ लिहावयास बसला आणि पोरवयात चोरलेल्या नासपतींवर त्याने पानेच्या पाने खर्च केली. पुढे आई मोनिकाच्या निधनाविषयी लिहिताना, लहानपणी तिला चोरून द्राक्षारसाचे घुटके घेण्याची सवय लागली होती आणि एका दासीने ‘दारूडी’ म्हणून हिणवल्यावर ती सुटली, हेही त्याने सांगितले. त्यामुळे संत मोनिकाची वेदी कोणी हलविली नाही.

याची उलट बाजू बाळ येशूच्या संत तेरेजाच्या, म्हणजे आपल्या लिटल फ्लॉवरच्या, वाट्याला आली. ती १८९७ साली वारली. पुढल्याच वर्षी तिचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. पण त्याआधी मठातच असलेल्या तिच्या थोरल्या बहिणीने वह्यांवर हात फिरवून हजारो ठिकाणी मजकूर बदलला. हेतू प्रेमाचाच होता. मूळ हस्तलिखित जसेच्या तसे वाचकांपुढे येण्यास १९५६ साल उजाडले. तोवर दोन पिढ्यांनी जी तेरेजा वाचली ती बहिणीने गुळगुळीत केलेली. मूळ वह्यांतली तेरेजा अधिक करारी, अधिक थट्टेखोर निघाली.

आणि मराठीत ‘स्मृतिचित्रे’ आहेतच. लक्ष्मीबाई टिळक आपल्या पंथाच्या नव्हेत, म्हणून आमच्या काही घरांत ते पुस्तक पोहोचलेले नाही, याची आम्हांला लाज वाटते. नवऱ्याचा तापटपणा, घर सोडून त्याचे निघून जाणे, १८९५ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, स्वतःचे सोवळेओवळे, यांतले काहीच त्यांनी झाकले नाही. ते वाचून टिळकांविषयीची माया आटली, असे सांगणारा वाचक आम्हांला अद्याप भेटावयाचा आहे.

सारेच सांगितले पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. गाळण्याचा अधिकार लेखकाला आहे, मात्र गाळल्याने माणूसच दुसरा होत असेल तर ते गाळणेही बनावटच. वीस वर्षांपूर्वीचा संवाद शब्दशः कोणाला आठवत नाही. तेथे ‘असे काहीसे ती म्हणाली’ एवढे लिहावयास किती शाई लागते?

पुढील स्मरणिकेत आम्ही आमच्या सहीने चार ओळींचा खुलासा छापला. मुलीने तो वाचला की नाही, तिने सांगितले नाही. काका मात्र तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत. रविवारच्या मिस्सेला ते नेमाने येतात, आणि कम्युनियनसाठी सहायक धर्मगुरूंच्या रांगेत उभे राहतात.