सुईशेजारी व्हायब्रेशन दिलं की इंजेक्शन कमी दुखतं, पण माहूरमध्ये एक गोष्ट आधी विचारावी लागेल

लेकराला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सुई देणार का?" हो म्हटलं की रडारड घरापासूनच सुरू होते.

आणि हे फक्त लहान मुलांचं नाही. सुईच्या भीतीवर झालेल्या बऱ्याच अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्र आढावा घेण्यात आला. बहुतेक लहान मुलांना, किशोरवयातल्या २० ते ५० टक्के मुलामुलींना आणि तरुणांमधल्या २० ते ३० टक्के लोकांना सुईची भीती वाटते, असं त्यातून दिसलं.

यावर जगभरात एक उपाय वापरला जातो. सुई टोचण्याच्या जागेजवळ एक छोटं थरथरणारं यंत्र धरायचं. अमेरिकेतल्या डॉक्टर अ‍ॅमी बॅक्स्टर यांनी बनवलेलं 'बझी' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. दिसायला मधमाशीसारखं, बॅटरीवर चालणारं आणि सोबत बर्फाचे पंख.

पण नुसतं थरथरल्याने दुखणं कमी कसं होतं?

कोपर दारावर आपटलं की आपण काय करतो? हात चोळतो. चोळलं की बरं वाटतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचं कारण मांडलं. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं. वेदना नेणाऱ्या नसा बारीक आणि हळू असतात. स्पर्श आणि थरथर नेणाऱ्या नसा जाड आणि वेगवान असतात. या वेगवान नसांची वर्दळ वाढली की फाटक अर्धवट मिटतं आणि वेदनेचा निरोप कमी पोहोचतो. यालाच 'गेट कंट्रोल थिअरी' म्हणतात.

हे खरंच चालतं का? २०१९ मध्येच बझीवरच्या प्रयोगांचाही आढावा घेतला गेला. मुलांचं दुखणं कमी होतं असं त्यात दिसलं, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचंही संशोधकांनी नोंदवलं. म्हणजे उपाय आशादायक आहे, जादू नाही. टोचलेलं कळतं, फक्त कमी कळतं.

आता येऊ माहूरवर.

रेणुकामातेचं माहूर सगळ्यांना माहीत आहे. पण माहूर आणि शेजारचा किनवट हा नांदेड जिल्ह्यातला आदिवासी पट्टाही आहे. गोंड, कोलाम, आंध, परधान समाजाची वस्ती इथल्या डोंगरातल्या गावांमध्ये आहे. विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथून शंभर किलोमीटरहून लांब. त्यामुळे लस असो की रक्ततपासणी, सगळी भिस्त उपकेंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि आशाताईंवर.

सरकारी वेळापत्रकाप्रमाणे बाळाला जन्मापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत साधारण नऊ टोचण्या होतात. दीड महिन्याच्या बाळाला तर एकाच दिवशी तीन. पहिल्या वेळचं रडणं बघून आईने पुढची तारीख टाळली, तर नुकसान लेकराचं होतं.

दुसरा विषय सिकलसेलचा. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा हा आनुवंशिक आजार आदिवासी समाजात जास्त आढळतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. तपासणी म्हणजे आधी बोटाला टोचणं आणि संशय आला तर पुढच्या चाचणीसाठी पुन्हा रक्त. ज्याला आजार निघतो त्याच्या वाट्याला आयुष्यभर सुया येतात. अशा मुलाने भीतीपोटी दवाखाना सोडला तर ते जिवावर बेतू शकतं.

म्हणजे व्हायब्रेशनची गरज इथे जास्त आहे. पण मेख इथेच आहे.

बझीसोबत बर्फ येतो. सिकलसेलच्या रुग्णाला गारठा सोसत नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, वाकड्या पेशी अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून सिकलसेल असेल तर बर्फ लावायचा नाही, फक्त व्हायब्रेशन वापरायचं. शहरातल्या क्लिनिकचा व्हिडिओ बघून ही पद्धत जशीच्या तशी इकडे आणली तर दुखणं कमी करायला जाऊन वाढायचं. आधी विचारायचं, "घरात कुणाला सिकलसेल आहे का?" आजार आहे की नाही हे माहीतच नसेल, तर बर्फ बाजूला ठेवलेलाच बरा.

बाकी काळजी साधी आहे. सुई टोचताना यंत्र नेमक्या त्या जागी नाही, तर थोडं वर, म्हणजे टोचण्याची जागा आणि मेंदू यांच्या मध्ये धरायचं. जखमेवर लावायचं नाही. प्रत्येक रुग्णानंतर पुसायचं. आणि मुलाला ते आधी हातात द्यायचं, नाहीतर ते यंत्रालाच घाबरतं.

यंत्र नसेल तर? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच बिनपैशाचे उपाय सांगितले आहेत. बाळाला टोचताना अंगावर पाजणं. मुलाला झोपवून दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर बसवणं. एकापेक्षा जास्त लसी असतील तर सगळ्यात जास्त दुखणारी शेवटी देणं. सहा वर्षांखालच्या मुलाचं लक्ष खेळण्यात, गाण्यात गुंतवणं. लस देण्याआधीच पॅरासिटामॉल पाजू नका, असंही संघटना सांगते, कारण त्याने लसीचा परिणाम बदलण्याची शक्यता असते. दुखू नये म्हणून टोचण्याची जागा हाताने चोळण्याचाही सल्ला ती देत नाही.

यंत्र माहूरच्या उपकेंद्रात कधी येईल ते येईल. आईची मांडी मात्र आजही तिथे आहे. पुढच्या लसीकरणाला "मी लेकराला मांडीवर घेऊन बसते" असं सिस्टरला हक्काने सांगा.