वीस जणांचा एक तास द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. कुलगुरू, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ

महोदय,

आमच्या आंजी (मोठी) गावची पोरं बी.ए.साठी एसटीनं वर्ध्याला जातात. शंभरावर नावं असलेल्या वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि सरांशी एकदाही धड न बोलता पदवी घेऊन येतात. तुम्ही म्हणाल, पटावर शंभर असले तरी वर्गात पंचवीसच दिसतात, गर्दी आहेच कुठे? पण साहेब, आपण आलो नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही, हे एकदा कळलं की पोरगं सकाळची एसटी कशाला धरेल?

विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकासाठी लहान बॅच पाडतात. ब्युरेटचं वाचन चुकलं तर सर तिथल्या तिथे सांगतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याचा युक्तिवाद कुठे चुकला, हे त्याला कोण सांगणार? असाइनमेंट एकमेकांच्या उतरवलेल्या असतात, कारण शंभर वह्या वाचायला वेळ कुणाला आहे? जवळच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थ्यांना कुटुंबं नेमून दिली जातात. म्हणजे लहान गटाचं मोल आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. फक्त ते बी.ए., बी.कॉम.पर्यंत पोचलेलं नाही.

अमेरिकेतल्या विल्यम्स या छोट्या कॉलेजात दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक असे तास चालतात. एकानं निबंध मांडायचा, दुसऱ्यानं तो तपासून पाहायचा. ते आपल्याला परवडणारं नाही, मागतही नाही. पण तिथली मोठी विद्यापीठंही शेकड्यांच्या व्याख्यानानंतर वीस-पंचवीसचे चर्चागट करतात आणि ते बहुधा संशोधक विद्यार्थी चालवतात. आपलं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मात्र प्रत्येक संस्थेत ३,००० किंवा अधिक विद्यार्थी असावेत असं म्हणतं. संस्था खुशाल वाढवा, पण मग वर्गाचं काय करणार तेही सांगा.

मागणी एवढीच: कला आणि वाणिज्य शाखेत प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून एक तास वीस जणांच्या गटात मिळावा. तो तास प्राध्यापकांच्या कार्यभारात धरावा, नाहीतर तो वेळापत्रकात दिसेल आणि वर्गात होणार नाही. नेट-सेट झालेली, पीएच.डी. करणारी तरुण मंडळी तासिका तत्त्वावर राबतच आहेत. हे गट त्यांच्याकडे द्या आणि मानधन वेळेवर द्या. याला नवी इमारत लागत नाही. येत्या सत्राच्या वेळापत्रकातच हा तास घाला.

आपला,
आंजी (मोठी) येथील एक पालक