श्रोत्यांवाचून भजन

गाणे हा ज्याच्या उदरनिर्वाहाचा व्यवसाय नव्हे, अशा हौशी गायकाचा उत्साह श्रोत्यांवाचून टिकतो काय? २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या आषाढीने हा प्रश्न आम्हां कीर्तनकारांपुढे उभा केला. पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरीस आल्या. गावोगावच्या भजनी मंडळांचे टाळ खुंटीवरच राहिले. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर प्रस्तुत लेखकाचे नित्याचे पाठांतरही त्या काळात ढिले पडले. समोर सभा नाही, मग हे कोणासाठी, असे मन म्हणू लागले.

परंतु अखंड हरिनाम सप्ताहातील वीणेचा पहारा आठवावा. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. उत्तररात्री दोनच्या पहाऱ्याला श्रोता कोण? मंडपात निजलेली मंडळी आणि समईची ज्योत! तरीही तो शेतकरी, तो शिंपी उभा असतो. कारण पुढच्या पहारेकऱ्याच्या गळ्यात वीणा घालावयाची आहे, हे त्यास ठाऊक असते.

अभ्यास दृढ होण्यास पतंजलींनी दीर्घकाळ, सातत्य आणि आदर यांची अपेक्षा केली, श्रोत्यांची नव्हे. तथापि एकट्याने सातत्य राखणे योग्यालाच साधावे. आपणां प्रापंचिकांस टाळ्या न मिळाल्या तरी चालेल, पहारा मात्र नेमलेला हवा. म्हणून मंडळांनी उत्सवाची वाट न पाहता आठवड्यातील एक रात्र भजनास नेमावी. ऐकावयास कोणी येवो अथवा न येवो. वीणा घ्यावयास कोणीतरी अवश्य यावे.