मटाराच्या कुंडीत विष कशाला?

दसरा उलटला की शहरांतल्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत मटाराची पेरणी सुरू होते. आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब वर येतात, घरातली मंडळी कौतुकाने त्यांचे फोटो काढतात, आणि एका सकाळी कुंडीत नुसते खुंट उरलेले असतात. कुंडीच्या काठावरून गेलेला चिकट, चकाकता माग पाहिला की चोर कोण ते कळतं. मग कुणीतरी ऑनलाइन गोगलगायी मारायच्या गोळ्या मागवतं. घरच्या बागेतली खरी चूक होते ती इथे.

या गोळ्यांत बहुधा मेटाल्डिहाइड असतं. गोगलगायीने यावं म्हणून ते धान्याच्या पिठात मिसळलेलं असतं, आणि त्या पिठाचा वास कुत्र्यालाही आवडतो. पोटात गेल्यावर थोड्याच वेळात थरथर, मग झटके; यावर नेमका उतारा नाही, पशुवैद्य फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात. रांगत्या मुलाच्या हाताशी असलेल्या कुंडीत असं काही पसरणं म्हणजे शुद्ध अविचार. ब्रिटनमध्ये बागकामाचं वेड घरोघरी आणि गोगलगायी तर अंगणोअंगणी. तिथेही पक्षी आणि इतर प्राण्यांना असलेला धोका पाहून या औषधाचा उघड्यावरचा वापर 2022च्या मार्चअखेर बंद झाला.

शेतकऱ्याची गोष्ट वेगळी, हेही मान्य करायला हवं. 2022च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली, सरकारला नुकसानभरपाई द्यावी लागली. ही आफ्रिकी गोगलगाय मूळची इथली नव्हेच. 1847मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली आणि तिथून ती देशभर पसरली. एकाच गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, आणि ती एका खेपेला शंभराहून अधिक अंडी घालू शकते. पाच एकरांत शिरलेल्या अशा फौजेपुढे हतबल झालेल्या माणसाने गोळ्या वापरल्या, तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार शहरातल्या हौशी माळ्याला नाही. पण सहा कुंड्यांच्या मालकाने त्याचं अनुकरण करावं, याला मात्र काही अर्थ नाही.

गंमत अशी की त्याच शेतकऱ्यांना कृषी तज्ज्ञांनी जो बिनविषारी उपाय सांगितला, तो गॅलरीत शेतापेक्षा सोपा आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांजवळ टाकायचं. पहाटेपर्यंत शंखी आणि बिनशंखाच्या शेंबी, दोन्ही त्याखाली गोळा होतात. त्या चिमट्याने उचलून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. उघडा हात लावायचा नाही, कारण गोगलगायींच्या अंगात माणसाच्या मेंदूला इजा करणारे जंत असू शकतात. मीठ बादलीतच राहू द्यावं. कुंडीत शिंपडलं तर गोगलगायीबरोबर मटारही जातो.

अंड्यांच्या टरफलांचा चुरा आणि तांब्याची पट्टी हे उपाय घराघरांत सांगितले जातात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018मध्ये सॅलडच्या रोपांवर असे अनेक अडथळे तपासले. अडथळा असलेली रोपं आणि नसलेली रोपं, दोन्ही गोगलगायींनी सारखीच खाल्ली! टरफलं खतात टाकावीत, तिथे त्यांचा उपयोग तरी आहे.

औषधापेक्षा इथे वेळ साधण्याला जास्त किंमत आहे. मटाराला गारवा लागतो, पारा तिशीच्या वर गेला की फुलं गळतात. पुरंदरचा वाटाणा भर पावसाळ्यात बाजारात येतो, पण ती तिथल्या हवेची कृपा. मुंबईच्या गच्चीने तो हट्ट धरू नये. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य हा पेरणीचा काळ. नेमका याच वेळी पावसाळ्याची ओल उरलेली असते आणि गोगलगायी अजून जाग्या असतात. डिसेंबरात हवा कोरडी झाली की त्यांचा वावर आपोआप ओसरतो. म्हणजे सांभाळायचे ते पहिले तीनेक आठवडे. तेवढ्यासाठी बी रात्रभर भिजवून कागदी कपात किंवा करवंटीत, खिडकीच्या उंच कट्ट्यावर रुजवावं. रोप वीतभर झालं की मुळं न दुखवता मातीच्या गोळ्यासकट बारा इंची कुंडीत बसवावं. पाणी सकाळी घालावं. संध्याकाळी घातलं की रात्रभर ओलावा टिकतो आणि पाहुण्यांना आयतं आवतण मिळतं. युरिया नको, मटाराच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र स्वतःच पकडतात. वेलाला चढायला चार काटक्या आणि सुतळी पुरे. अर्केलसारखी लवकर येणारी जात दोन महिन्यांत शेंगा देते, आणि उशिरा पेरलेल्या वेलांवर हमखास येणारी भुरीही बरीचशी टळते.

हे सगळं करून हाती किती येतं? दोन-चार वाट्या दाणे, फार तर. जानेवारीत मटार मंडईत स्वस्तच असतो, त्यामुळे पैसे वाचवायला कुणी या फंदात पडू नये. पण शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं, आणि मंडईपर्यंतच्या प्रवासात गोडी उतरते. वेलाखाली उभं राहून सोललेल्या दाण्याची चव विकत मिळत नाही, हा एवढाच फायदा. अशा दाण्यांच्या आसपास विष पसरायचं असेल, तर मंडईतलेच बरे.

रोपवाटिकांनाही यात जबाबदारी झटकता येणार नाही. अनेक गच्च्यांवर गोगलगायी येतात त्या विकत आणलेल्या रोपाच्या मातीतून, साबुदाण्यासारख्या अंड्यांच्या रूपाने. रोप देण्याआधी पिशवीच्या तळाची माती पाहून देणं विक्रेत्याला अवघड नाही, आणि गिऱ्हाईकाने तसं मागायला लाजू नये. यंदा मटार लावणाऱ्यांनी गोळ्या मागवण्याआधी रात्री जेवणानंतर टॉर्च घेऊन कुंड्यांचे तळ एकदा उचलून पाहावेत. गोगलगायी बहुधा तिथेच सापडतील.